मांडवापर्यंतच पोचणारा कायदा

"दोनचारशे बापांना आत टाका, बाकीचे आपोआप सरळ होतील." बालविवाहाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. बोलणारे बहुतेक जण मनापासून बोलतात. पंधरा वर्षांच्या मुलीच्या कपाळाला मुंडावळ्या बांधलेल्या पाहून ज्यांच्या पोटात कालवतं, त्यांना लगेच काहीतरी व्हावंसं वाटतं. आणि लगेच होण्यासारखं एकच दिसतं: पोलीस, अटक, खटला, शिक्षा. आसामने ते करून दाखवलं, मग महाराष्ट्राने का करू नये, असा त्यांचा सवाल असतो. त्यांच्या संतापाशी माझं भांडण नाही. मुलीचं शिक्षण आणि शरीर असं वेळेआधी दुसऱ्याच्या हवाली करणं हा गुन्हाच आहे. भांडण आहे ते उपायाशी. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग मिळून एका घरातली एक लग्नतारीख पुढे ढकलू शकतात. ती तारीख ज्या हिशेबातून ठरली, त्या हिशेबापर्यंत ही यंत्रणा पोचत नाही, आणि जोर लावून पोचू पाहते तेव्हा पहिला घाव त्या मुलीवरच बसतो.

आसामपासूनच सुरुवात करू, कारण दाखला तिथलाच दिला जातो. ३ फेब्रुवारी २०२३ पासून तिथे राज्यभर धरपकड सुरू झाली. चार हजारांहून अधिक गुन्हे त्याआधीच नोंदवून ठेवले होते. मुलगी चौदाच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, चौदा ते अठरामधली असेल तर बालविवाह प्रतिबंध कायदा, असं मुख्यमंत्री हिमंता बिस्व सरमा यांनी जाहीर केलं होतं. महिनाभरात तीन हजारांहून अधिक माणसं पकडली गेली: नवरे, वडील, काझी, पुरोहित. तुरुंग अपुरे पडले म्हणून तात्पुरत्या जागा शोधाव्या लागल्या.

या अटका मुख्यतः होऊन गेलेल्या लग्नांसाठी होत्या. ज्या मुलीचं लग्न झालंय, जिच्या कडेवर मूल आहे किंवा जी गरोदर आहे, तिचा नवरा पोलिसांनी उचलला. तिला शाळेत परत कोणी नेलं नाही. तिचं लग्न कोणी रद्द करून दिलं नाही. घरात कमावणारा होता तो गेला, आणि जामिनासाठी पैसे उभे करायचं काम तिच्या वाट्याला आलं. पोलीस ठाण्यांबाहेर बायका रडत उभ्या राहिल्या त्या याच. गरोदर मुली सरकारी दवाखान्यात जायला घाबरू लागल्याच्या बातम्या त्याच महिन्यात आल्या. पंधरवडाही उलटला नव्हता तोच गुवाहाटी उच्च न्यायालयाने सुनावलं, की या कारवाईने लोकांच्या खाजगी आयुष्यात हाहाकार माजवला आहे, घरात मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, आणि या प्रकरणांत कोठडीत घेऊन चौकशी करण्यासारखं काही नाही.

यावर उत्तर येतं: "पण फरक पडला ना!" एका बालहक्क संस्थेचा २०२४ चा अहवाल पुढे केला जातो. आसामच्या २० जिल्ह्यांतल्या हजाराहून अधिक गावांत दोन वर्षांत बालविवाह ८१ टक्क्यांनी घटले, असं त्यात म्हटलं आहे. हा आकडा मोठा आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण तो कसा मिळाला, कोणाला विचारून मिळाला, हेही पाहायला हवं. ज्या गावातून परवा पाच माणसं पकडून नेली, त्या गावात जाऊन "यंदा तुमच्याकडे अठराच्या आतली किती लग्नं झाली?" असं विचारलं, तर खरं उत्तर देण्याची किंमत आता अटक ही आहे. लग्नं खरोखर कमी झाली की सांगायचं बंद झालं, हे अशा विचारणीतून वेगळं करता येत नाही. काही लग्नं नक्कीच थांबली असतील. भीतीने काही काळ काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की ज्या उपायाने माहिती देणारी तोंडंच बंद होतात त्याचं यश त्याच तोंडांच्या उत्तरांवरून मोजता येत नाही. आणि खुद्द आसाम सरकारलाही केवळ अटकांवर भरवसा ठेवता आला नाही. २०२४ मध्ये त्यांनी 'निजुत मोइना' योजना आणली: अकरावीपासून पुढे शिकणाऱ्या मुलींना दरमहा हजारापासून अडीच हजारांपर्यंत रुपये, आणि पदव्युत्तर वर्ग सोडले तर लग्न झालेल्या मुलीला ते नाहीत. धाक पुरेसा होता, तर या पैशांची गरज का पडली?

आता देशाचा हिशेब घ्या, तो जास्त बोलका आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांना विचारतात, की तुमचं लग्न अठराच्या आत झालं का. २००५-०६ मध्ये ४७ टक्के जणींनी हो म्हटलं. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण २७ टक्क्यांवर आलं. दहा वर्षांत वीस टक्केबिंदूंची घट, म्हणजे या देशात या प्रश्नावर आजवर दिसलेली सर्वांत मोठी घसरण. त्या दशकाच्या शेवटी, २०१५ साली, बालविवाहाचे किती गुन्हे नोंदले गेले? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या हिशेबाने २९३. संपूर्ण भारतात. पुढे पोलिसांची नोंद झपाट्याने वाढली; २०२१ मध्ये १,०५०, २०२२ मध्ये १,००२. आणि सर्वेक्षणातलं प्रमाण? २०१९-२१ मध्ये २३ टक्के. म्हणजे नोंदलेले गुन्हे तिपटीहून अधिक झाले त्या काळात घट मंदावली. यावरून पोलिसांमुळे घट मंदावली असं कोणी म्हणू नये; सर्वेक्षणातल्या स्त्रियांची लग्नं काही वर्षं आधी झालेली असतात, त्यामुळे दोन्ही रकान्यांची वर्षं जुळत नाहीत. पण एवढं तर मान्य करायलाच हवं, की ती वीस टक्केबिंदूंची घट पोलिसांनी आणलेली नव्हती. वर्षाला तीनशे गुन्ह्यांनी एवढा मोठा समाज हलत नाही.

आणि हे प्रमाण धाकाने हलवायचं ठरवलं तरी आवाका बघा. युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी किमान १५ लाख मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. त्यांतल्या हजारभर प्रकरणांत गुन्हा नोंदला जातो. पोलिसांनी दहापट काम केलं तरी दीडशेत एक. ज्या ठाण्यात मोजक्या हवालदारांवर कितीतरी गावं आहेत, त्या ठाण्याने हे करायचं आहे, बंदोबस्त, अपघात, भांडणं आणि निवडणुका सांभाळून. शिक्षेचा धाक बसायला शिक्षा होण्याची शक्यता असावी लागते. इथे ती नाही, आणि कोणत्याही सरकारने कितीही इच्छा केली तरी ती पुरेशी वाढवता येणार नाही.

महाराष्ट्राला तर हे नव्याने शिकण्याचं कारणच नाही. हा वाद आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचे निकालही हाताशी आहेत. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली रखमाबाई नवऱ्याकडे जायला नाही म्हणाली, तेव्हा १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिला सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंग पत्करेन. पुढच्या वर्षी तडजोड झाली, ती विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आली आणि सुरत आणि राजकोटला तिने उभं आयुष्य रुग्णसेवेत काढलं. न्याययंत्रणा समाजाच्या पुढे चालते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा खटला वाचावा. समाज जिथे उभा होता तिथेच न्यायालय उभं होतं, आणि तुरुंगाची धमकी त्याने दिली ती मुलीला.

मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची बंगाली मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, त्या प्रकरणानंतर संमतीचं वय दहावरून बारावर आणलं गेलं. त्यावरून पुण्यात किती रण माजलं हे शाळेच्या पुस्तकांतही आहे. पण त्या कायद्याचं पुढे काय झालं हे फारसं सांगितलं जात नाही. १९२८ मध्ये अमरावतीच्या सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने एक समिती नेमली. तिने देशभर फिरून साक्षी घेतल्या. निष्कर्ष असा, की हा कायदा बहुसंख्य लोकांना ठाऊकच नाही आणि तो क्वचितच वापरला गेला आहे. तोपर्यंत जवळजवळ चार दशकं लोटली होती. त्याच सुमारास १९२९ चा सारडा कायदा मंजूर झाला आणि तो अमलात यायचा होता १ एप्रिल १९३० ला. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी घाईघाईने लहान मुलींची लग्नं उरकून घेतली. १९३१ च्या जनगणनेत ती उसळी दिसते. कायद्याची तारीख जाहीर झाली आणि मुलींची लग्नं आणखी लवकर लागली.

ज्या पुणेरी घरांत १८९१ साली आठव्या-नवव्या वर्षी मुलगी उजवणं हा धर्म मानला जात होता, त्या घरांतून ही चाल पुढच्या दोनतीन पिढ्यांत नाहीशी झाली. त्या घरांच्या दारात कोणी शिपाई उभा नव्हता. तिथे हुजूरपागा होती, हिंगण्याचा आश्रम होता, मुलीला शिकवून नोकरी लागते हा अनुभव होता आणि शिकलेल्या मुलाला शिकलेली बायको हवी ही मागणी होती. हे सगळं मिळालं एका थराला. ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्यापर्यंत आपण आता हातकडी घेऊन जाऊ पाहतो आहोत, आणि याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

इथे मला कोणी अडवेल: "म्हणजे तुम्ही टिळकांचाच मुद्दा नव्याने मांडताय! समाज आपला आपण सुधारेल, सरकारने लांब राहावं." नाही. संमतिवयाच्या वादात टिळकांचा विरोध परक्या सरकारच्या कायद्याला होता आणि त्या विरोधाने लहान मुलींचा विश्वासघात केला असं माझं मत आहे. त्या वादात मी आगरकरांच्या बाजूचा आहे. सरकारने लांब राहावं असं मी म्हणत नाही. सरकार वेळेवर पोचत नाही, आणि पोचतं तेव्हा फक्त गणवेशात पोचतं, ही माझी तक्रार आहे.

लग्न कुठे ठरतं ते बीड जिल्ह्यात जाऊन बघावं. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात बीडमध्ये हे प्रमाण ४३.७ टक्के निघालं, शेजारच्या परभणीत ४८. आणि याच राज्यात भंडारा-गोंदियाकडे ते खूपच खाली आहे. कायदा तोच, पोलीस दल तेच, मुख्यमंत्री तेच. भंडारा-गोंदियाचे लोक मराठवाड्यापेक्षा श्रीमंत आहेत असंही नाही. फरक कायद्यात नसेल तर तो आणखी कुठेतरी शोधायला हवा.

धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरून टोळ्या निघतात, सातारा-सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे आणि कर्नाटकात, ऊस तोडायला. मजुरीचा हिशेब माणसावर नसतो, कोयत्यावर असतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. त्याला उचल कमी, कामही मिळेलच असं नाही. घरात एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा असेल तर त्याचं लग्न झालं की घराला एक पूर्ण कोयता वाढतो आणि हातात रोख उचल येते. ती उचल बहुधा मागच्या वर्षीचं फेडण्यात, बहिणीच्या लग्नात किंवा दवाखान्यात आधीच खर्ची पडलेली असते. ही मुलाकडची बाजू.

मुलीकडची बाजू याहून अवघड. आईबाप सहा महिने फडावर. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं करायचं काय? घरी म्हाताऱ्या आजीजवळ ठेवली तर दिवसरात्र काळजी. बरोबर नेली तर उघड्या फडातली कोपी, दार नाही, संडास नाही, पहाटे तीनला ट्रक भरायला उठायचं, आणि मुकादमापासून ड्रायव्हरपर्यंत अनोळखी माणसांची ये-जा. तिला काही झालं तर नाव तिचंच जाणार हे आईबापांना पक्कं ठाऊक असतं. शिवाय मुलगी लहान असली की हुंडा कमी, शिकली की तसाच शिकलेला मुलगा पाहावा लागतो आणि हुंडा चढतो. हुंडा घेणं १९६१ पासून गुन्हा आहे. तरी हुंडाबळींची देशातली नोंद दरवर्षी सहा हजारांच्या वर जाते. असा सगळ्या बाजूंनी विचार करून तो बाप एका रात्री मेहुण्याशी बोलतो आणि स्थळ ठरवतो. तो मुलीचा वैरी नसतो. त्याच्यापुढे जे पर्याय ठेवलेले आहेत त्यांतला त्याला कमी वाईट वाटतो तो तो उचलतो. त्यातून पुढे काय होतं तेही कागदावर आहे: २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीडच्या ऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी आली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन मुलं, पंचविशी-तिशीत शस्त्रक्रिया, आणि मधल्या काळात डोक्यावर मोळ्या.

या साखळीत पोलीस येतो कुठे? अगदी शेवटी, मांडवात. कोणीतरी १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करतं. पथक येतं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची नेमणूक असते. तो त्याच गावात रोज बसतो-उठतो, घरपट्टी त्याच लोकांकडून वसूल करतो, सरपंचाशी वाकडं घेऊन त्याला तिथे राहता येत नाही. अंगणवाडी सेविका तर त्याच गावची सून. तक्रार कोणी केली हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतात, मुलीला बालकल्याण समितीपुढे उभं करतात, समुपदेशन होतं आणि तिला घरी पाठवतात. घरी म्हणजे जिथून ती आली त्याच घरी, त्याच उचलीच्या कर्जात, त्याच हंगामाच्या तोंडावर. आता वर आणखी एक गोष्ट: मोडलेल्या लग्नाची मुलगी. मग तिला मामाच्या गावी नेतात आणि पहाटे चार माणसांत अक्षता पडतात. सरकारी खात्यात मात्र 'रोखलेला बालविवाह' म्हणून एक जमा झालेली असते. जिल्ह्याजिल्ह्याचे हे आकडे दरवर्षी अभिमानाने छापून येतात. त्यांतल्या किती मुली दोन वर्षांनी शाळेत होत्या, हा रकाना त्या तक्त्यांत नसतो.

कायदा कोणावर चालतो हेही पाहिलं पाहिजे. 'पार्टनर्स फॉर लॉ इन डेव्हलपमेंट' या दिल्लीच्या संस्थेने २००८ ते २०१७ मधले बालविवाह कायद्याखालचे न्यायनिर्णय तपासले. त्यांतली बहुसंख्य प्रकरणं आईबापांनी लावलेल्या लग्नांची नव्हती. ती पळून जाऊन स्वतः लग्न केलेल्या मुलामुलींची होती, आणि फिर्यादी होते मुलीचे आईबाप. जो कायदा बापाच्या मनमानीपासून मुलीला वाचवायला केला, तो बापाच्याच हातातलं हत्यार झाला. मुलगी दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर गेली की ठाण्यात अपहरण, पोक्सो, बालविवाह अशी सगळी कलमं एकत्र लागतात. आणि तीच मुलगी बापाने जातीत दिली असती तर तिकडे कोणी फिरकलं नसतं. पोलीस ठाणं गावाबाहेरचं नसतं. तिथला फौजदारही त्याच समाजात वाढलेला असतो. समाजाला शिस्त लावायला आपण जी यंत्रणा पाठवतो ती समाजाची मतं खिशात घेऊनच जाते. धाक वाढवला की तो कोणासाठी वाढतो, हे त्या मतांवर ठरतं.

आणि दवाखाना. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की अठराच्या आतल्या पत्नीशी केलेला संभोगही बलात्कार. तत्त्व म्हणून हा निर्णय योग्यच आहे. पण पोक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक, न कळवल्यास शिक्षा. म्हणजे सतरा वर्षांची गरोदर मुलगी तपासणीला आली की डॉक्टरने ठाण्याला कळवायचं. ती मुलगी पुन्हा येईल का? रक्त कमी आहे, दाब वाढलाय, हे तिला कोण सांगणार? २०२२ मध्ये गर्भपाताच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने थोडी वाट करून दिली, की मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर तिचं नाव-गाव कळवायची सक्ती डॉक्टरवर नाही. ती सूट गर्भपातापुरती. बाळंतपणासाठी येणाऱ्या मुलीचं काय? तिला सर्वांत जास्त गरज असते त्या दाराजवळच आपण तिच्या घरच्यांसाठी पिंजरा मांडून ठेवला आहे.

"मग कायदाच नको का?" हवा. १८ हे वय कायद्यात लिहिलेलं असणं फार मोलाचं आहे. कितीतरी मुली बापाला म्हणू शकतात, "बाबा, गुन्हा आहे, तुम्हालाच त्रास होईल", आणि त्या एका वाक्यावर दोन वर्षं काढतात. ज्या शिक्षिकेला मध्ये पडायचंय तिच्या पाठीशी हे कलम असतं. याच २००६ च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे जिच्याबद्दल जवळजवळ कोणी बोलत नाही: लहानपणी लावून दिलेलं लग्न मुलीला वीस वर्षांची होईपर्यंत न्यायालयात जाऊन रद्द करून घेता येतं. यात तिच्या हाती काहीतरी येतं. पण ते करायला तिला वकील लागतो, राहायला जागा लागते, पोटापाण्याची सोय लागते, आणि हे देण्यासाठी कोणी मोहीम काढत नाही. मोहिमा निघतात त्या अटकांच्या. पैसे घेऊन परराज्यात मुली विकणारे दलाल, चाळिशीच्या माणसाला चौदा वर्षांची मुलगी देणारे, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा तेच करणारे, यांना तुरुंग हवाच, आणि तोही लवकर. पोलिसांची ताकद थोडी आहे. ती इथे लागली पाहिजे. ती ऊसतोड करणाऱ्या एका कर्जबाजारी बापावर खर्च करून आपण दलालाला मोकळं सोडतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने बालविवाहावर निकाल दिला. त्याचाही रोख हाच आहे, की यंत्रणांनी केवळ खटल्यांवर भर न देता लग्न होण्याआधीच्या प्रतिबंधावर जोर लावावा, आणि उपाय त्या त्या समाजाची परिस्थिती पाहून आखावेत. ज्यांना अटकांची घाई आहे त्यांनी हा निकाल वाचायला हवा होता. अर्थात न्यायालयाने सांगितलं म्हणून सरकारं प्रतिबंधावर पैसा खर्च करतील, अशी मला आशा नाही. अटक स्वस्त असते, तिचा फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी आकडा जाहीर करता येतो. वसतिगृह बांधायला वर्षं लागतात आणि त्याच्या जेवणाचं बिल दर महिन्याला येतं.

तरी मूळ विसंगती इथेच आहे आणि ती ठणकावून सांगायला हवी. कायदा म्हणतो, मुलीचं लग्न अठराच्या आत करू नका. शिक्षणाचा हक्क मात्र सहा ते चौदा एवढ्याच वयाला, आठवीपर्यंत. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहंही या आठवीच्या चौकटीतलीच. म्हणजे ज्या चार वर्षांत मुलीचं लग्न लागण्याचा धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्याच चार वर्षांत शिक्षणाच्या हक्काखाली सरकार तिला काही देणं लागत नाही. चौदा ते अठरा या वयात सरकारचा तिच्याशी येणारा मुख्य संबंध फौजदारी कायद्याचा. ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ८२ वसतिगृहं जाहीर झाली, प्रत्येकात शंभर जागा. म्हणजे मुलींच्या वाट्याला दहा जिल्ह्यांत मिळून चार हजारांच्या आसपास. घोषणा चांगली आहे. पण लाखो मजूर दरवर्षी घर सोडतात तिथे चार हजार खाटा किती मुलींना पुरणार?

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो: "हे सगळं व्हायला वर्षं लागतील, परवा जिचं लग्न आहे तिचं काय?" तिच्यासाठी १०९८ वर फोन करा, जरूर करा, आणि पोलीस बरोबर न्या. न्यायालयाचा मनाई हुकूमही आणा. पण लग्न थांबवलं त्याच दिवशी संध्याकाळी तिला निवासी शाळेत जागा मिळाली पाहिजे, बारावी होईपर्यंत, आणि तिच्या बापाची उचल फिटेल एवढं मुकादमाशी कोणीतरी अधिकाऱ्याने बोललं पाहिजे. हे न करता फक्त मांडव उठवणार असू, तर परवाचं लग्न पुढच्या पौर्णिमेला होईल.

आणि जिचं लग्न अजून ठरलेलं नाही तिच्यासाठी काम ऑगस्टमध्ये सुरू व्हायला हवं. प्रत्येक गावात आठवी पास झालेल्या मुलींची यादी शाळेकडे असते. कोणत्या घराने उचल घेतली आहे हे गावात प्रत्येकाला ठाऊक असतं. या दोन याद्या ग्रामसेवकाने एकत्र ठेवायच्या, एवढंच; त्याला कोणाशी वैर घ्यावं लागत नाही. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून दर टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलेलंच आहे; त्या पैशांतला पहिला रुपया नववी ते बारावीच्या मुलींच्या खाटांवर खर्च व्हावा. दसऱ्यानंतर पहिला ट्रक भरण्याआधी त्या यादीतल्या प्रत्येक मुलीच्या नावापुढे एका वसतिगृहाचं नाव लिहिलेलं असलं पाहिजे. ज्या नावापुढची जागा रिकामी असेल, तिचा जाब आधी जिल्हाधिकाऱ्यांना आणि त्या भागाच्या आमदारांना विचारा. बापाला त्यानंतर विचारा.